टाकी, वावर आणि लोंबती दोरी: युबिक्विटस कम्प्युटिंगच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

बी.एस्सी. संगणकशास्त्र, दुसरं वर्ष, चौथं सत्र. यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावापासून आत असलेलं महाविद्यालय. वसतिगृह आवारातच, मागे महाविद्यालयाचं दोन एकर वावर, त्यात सध्या हरभरा. चार-चार जणांचे सहा गट. कामं दोन: वसतिगृहाच्या छतावरची २,००० लिटरची टाकी आणि वावरातला ओलावा.

पहिल्या तासाला इतिहास थोडाच. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात मार्क वायझर यांनी १९८८ च्या सुमारास युबिक्विटस कम्प्युटिंगची, म्हणजे सगळीकडे पसरलेल्या संगणकांची, कल्पना मांडली आणि सप्टेंबर १९९१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखातून ती जगापुढे आली. पार्कमध्ये तीन मापांची यंत्रं बनली: इंचाच्या मापाचे टॅब, फुटाच्या मापाचे पॅड, गजाच्या मापाचे बोर्ड. गाभा असा की संगणक माणसाचं लक्ष मागत बसणार नाही. आजूबाजूच्या वस्तूंत मुरून जाईल आणि गरज पडेल तेव्हाच जाणवेल.

यात एक गोष्ट पुस्तकातून शिकवली जात नाही आणि इथे ती टाळता येत नाही. यंत्र दिसेनासं झालं की त्याचं मरणंही दिसेनासं होतं. लाईन दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नाही, नेटवर्क वाऱ्यावर. अशा ठिकाणी ‘सगळं ठीक’ दाखवत बसलेला मेलेला दिवा हा काहीच न दाखवणाऱ्या भिंतीपेक्षा वाईट. म्हणून सत्रभराचे नियम दोनच. पहिल्या प्रकल्पात पडदा नाही: मोबाईल ॲप नाही, डॅशबोर्ड नाही. आणि कोड लिहिण्याआधी वहीत एका ओळीत लिहायचं: हे यंत्र बंद पडलं तर बघणाऱ्याला काय दिसेल?

९ जानेवारी

दर गटाला सामान: ३० पिनांचा ईएसपी३२ (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर) बोर्ड १, डीएस१८बी२० तापमान सेन्सर (स्टीलच्या टोपीतला, १ मीटर वायरचा) १, ४.७ किलोओहमचे रेझिस्टर २, एसजी९० सर्वो (सांगितल्या कोनात वळणारी छोटी मोटर) १, एलईडी आणि २२० ओहमचे रेझिस्टर, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची छिद्रांची पाटी) २, जंपर वायरी. ब्रेडबोर्ड दोन, कारण हा बोर्ड रुंद आहे. एकावर बसवला की एका बाजूला छिद्रांची जेमतेम एक ओळ उरते. दोन ब्रेडबोर्डांच्या मधल्या वीजपट्ट्या काढून ते जोडायचे आणि बोर्ड मधोमध बसवायचा.

सॉफ्टवेअर: ईएसपी३२ चं पॅकेज शेकडो एमबीचं आहे. चोवीस जणांनी एकाच वाय-फायवर उतरवायला घेतलं तर दुपार तिथेच संपते. एका लॅपटॉपवर उतरवून आर्डुइनो१५ नावाचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हने बाकीच्यांच्या त्याच जागी टाकलं की चालतं. आर्डुइनो आयडीईची (कोड लिहून बोर्डावर चढवायच्या प्रोग्रामची) आवृत्ती मात्र सगळीकडे एकच हवी.

पहिल्या तासाच्या तक्रारी ठरलेल्या आणि त्यांची कारणंही ठरलेली. पोर्ट दिसत नाही: केबल फक्त चार्जिंगची आहे, आत डेटाच्या तारा नाहीत, किंवा बोर्डावर सीएच३४० चिप आहे आणि ड्रायव्हर टाकलाय सीपी२१०२ चा. ‘कनेक्टिंग’वर ठिपके पडत राहतात: बूटचं बटण दाबून धरायचं, अपलोड सुरू झालं की सोडायचं. बोर्ड सुरूच होत नाही: पिन १२ ला काहीतरी जोडलंय. सुरू होताना ती पिन ‘हाय’ असली तर चिप फ्लॅशला (कोड साठवणाऱ्या मेमरीला) ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देऊ पाहते आणि तिथेच अडकते. ६ ते ११ या पिना फ्लॅशच्याच, त्यांना हात लावायचा नाही. ३४, ३५, ३६, ३९ फक्त इनपुट, त्यांना आतला पुल-अप (पिनेला ‘हाय’ धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही.

आणखी एक, ज्यात दोन-दोन दिवस जातात: वाय-फाय सुरू असताना एडीसी-२ च्या (ॲनालॉग व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या भागाच्या) पिना वाचता येत नाहीत. सेन्सर एकटा छान चालतो, वाय-फायचा कोड जोडला की वाचन गडबडतं आणि पोट्टे कोडात चूक शोधत बसतात. ॲनालॉग सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनेवरच, हे फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय.

डीएस१८बी२० ने उणे १२७ दाखवलं तर वायर सुटलीय किंवा ४.७ किलोओहमचा पुल-अप नाही. नेमकं ८५ दाखवलं तर मोजमाप पुरं व्हायच्या आत वाचलं. १२ बिटांना ७५० मिलिसेकंद लागतात. हे दोन आकडे ‘तापमान’ म्हणून पुढे जाऊ द्यायचे नाहीत. खरं तर सत्राचा पहिला धडा हाच: सेन्सरला ‘मला माहीत नाही’ म्हणता येत नाही, तो आकडाच देतो.

१६ जानेवारी

लोंबती दोरी. मूळ कल्पना नताली जेरेमिजेंको यांची, पार्कमध्येच. छताला छोटी मोटर, तिला आठ फुटांची प्लास्टिकची दोरी, मोटर इथरनेटच्या तारेला जोडलेली. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी गरगर फिरे, शांत असलं की अधूनमधून नुसती थरथरे. वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ मध्ये ‘शांत तंत्रज्ञान’ समजावताना हेच उदाहरण घेतलं: माहिती डोळ्याच्या कडेला राहते, लागेल तेव्हा मध्यावर येते.

आपली दोरी नेटवर्कची नाही, टाकीची. जागा वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं दार. सर्वोच्या पात्याला अडीच फूट सुतळी, खाली लाकडी मणी.

सर्वोला बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनेवरून वीज द्यायची नाही. अडकला की एसजी९० अर्ध्या अँपिअरच्या वर खेचतो, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड परत परत रीसेट होतो. सीरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’ दिसतं. मोबाईलच्या ५ व्होल्ट २ अँपिअर चार्जरवरून वेगळी तार, सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दोन्हीकडचे ग्राउंड एकत्र. ग्राउंड एकत्र करायचा राहिला तर सर्वो वेड्यासारखा थरथरतो. हलवून झालं की कोडातून ‘डिटॅच’ करायचा, नाहीतर रात्रभर गुणगुणतो.

सहाही गटांची पहिली रचना सारखीच: पातं डावीकडे म्हणजे टाकी रिकामी, उजवीकडे म्हणजे भरलेली. मेन स्विच बंद केला. पातं जिथे होतं तिथेच, ‘भरलेली’वर. सर्वोचे दाते वीज गेल्यावरही जागा सोडत नाहीत. म्हणजे लाईन गेल्यावर मोटर चालत नाही, टाकी उपसत जाते, आणि दारावरचं पातं भरल्याचं सांगत राहतं.

रचना बदलली. अर्थ जागेत ठेवायचा नाही, हालचालीत ठेवायचा. टाकी ६० टक्क्यांच्या वर असेल तर दर २० सेकंदांनी एक हलका हेलकावा. २५ ते ६० मध्ये दर ८ सेकंदांनी. २५ च्या खाली दर ३ सेकंदांनी. दोरी स्तब्ध म्हणजे खबर नाही. वीज जावो, वाय-फाय जावो, सेन्सर मरो, कोड अडको, सगळ्याचा शेवट स्तब्धतेतच.

२१ जानेवारी

दोरी स्वयंपाकघराच्या दारावर टांगली. शेजारी पाटी लावायची नाही असं ठरवून. दुपारी मुद्दाम राउटर बंद केला. थोड्या वेळाने स्वयंपाकाच्या मावशी बाहेर आल्या: “दोरी उभीच हाय, पानी सरलं का जी?” आणि एका पोराला टाकी बघायला वर पिटाळलं.

गटाला वाटलं, मावशींनी अर्थ चुकीचा लावला. लावला खरा, पण केलं तेच जे करायला हवं होतं: टाकीचं झाकण उघडून बघितलं. चुकीच्या समजुतीतूनही योग्य कृती होत असेल तर रचना जमली. पाटी लावलेली नाही.

२३ जानेवारी

टाकीचा सेन्सर. जलरोधक अल्ट्रासॉनिक (आवाज सोडून तो परतायच्या वेळेवरून अंतर मोजणारा), जेएसएन-एसआर०४टी. याला २० ते २५ सेंटिमीटरची आंधळी पट्टी असते. त्याच्या आत पाणी आलं की वाचन भलतंच. म्हणून सेन्सर भरलेल्या पातळीच्या किमान २५ सेंटिमीटर वर हवा. झाकणाच्या उंचीत ते बसत नसेल तर झाकणावर छोटा पत्र्याचा स्टँड करून त्यावर चढवायचा. अरुंद पाइपमधून खाली बघायला लावायचं नाही, पाइपच्या भिंतीवरून आवाज परततो. भरणाऱ्या नळाच्या धारेपासून आणि टाकीच्या भिंतीपासून जमेल तेवढा दूर.

इको पिन (आवाज परतल्याची खबर देणारी) ५ व्होल्ट देते, ईएसपी३२ ला ३.३ च चालतात. १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक: इकोपासून १, तिथून ग्राउंडला २, मधला जोड बोर्डाला. विभाजक न लावताही बोर्ड काही दिवस चालतो, त्यामुळे पोरांना तो फालतू वाटतो. ट्रिगर पल्स (मोजमाप सुरू करणारी खूण) कागदावर १० मायक्रोसेकंद. या बोर्डाला २० दिलेली बरी.

सात वाचनं घ्यायची, क्रमाने लावायची, मधलं घ्यायचं. सरासरी नको: सातातलं एक वाचन शून्य किंवा पाच मीटर आलं तर सरासरी बिघडते, मधल्याला फरक पडत नाही.

३० जानेवारी

एमक्यूटीटी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवायची पद्धत. मधला ब्रोकर (संदेश घेऊन ऐकणाऱ्यांना वाटणारा) म्हणून जुना लॅपटॉप, त्यावर मॉस्क्विटो हा ब्रोकरचा प्रोग्राम. रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही चालतो, पण दणकन लाईन गेली की त्याचं एसडी कार्ड बिघडण्याची भीती. जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास टिकली तरी तोच यूपीएस. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा.

मॉस्क्विटोच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ब्रोकर मुळात फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकतो. कॉन्फिग फाइलमध्ये १८८३ चा लिसनर (बाहेरच्यांचं ऐकायचा पोर्ट) लिहावा लागतो आणि पासवर्ड फाइल द्यावी लागते. हे न करता ‘फायरवॉल असेल’ म्हणत तास जातो.

वर्गातला हमखास घोळ: एकाच गटाचा कोड सगळ्यांनी कॉपी केला, क्लायंट आयडी सगळ्यांचा तोच. एमक्यूटीटीत त्याच आयडीचा नवा आला की ब्रोकर जुन्याला काढतो. जुना परत जोडतो, नव्याला काढतो. सहाही बोर्ड दर काही सेकंदांनी सुटतात आणि दोष वाय-फायवर येतो. आयडीत बोर्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो) घालायचा.

यानंतरचा भाग सत्रातला सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर दोन पूर्ण तास दिले.

‘रिटेन’ लावलेला संदेश ब्रोकर जपून ठेवतो. नवा ऐकणारा आला की त्याला लगेच शेवटचा आकडा मिळतो. सोय मोठी, पण ताजा आणि शिळा संदेश दिसायला सारखाच. टाकीचा सेन्सर सकाळी मेला तरी संध्याकाळी जोडलेल्या दोरीला ‘७२ टक्के’ मिळतात. यावर एमक्यूटीटीचाच उपाय ‘लास्ट विल’: जोडतानाच ब्रोकरकडे मृत्युपत्र ठेवायचं, की मी न सांगता गेलो तर अमुक टॉपिकवर (संदेशाच्या विषयावर) ‘गेला’ असं टाक. बोर्डावरच्या पबसबक्लायंट लायब्ररीत कीप-अलाइव्ह, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ कळवायचं अंतर, मुळात १५ सेकंद. ब्रोकर त्याच्या दीडपट वाट बघतो, म्हणजे २२ सेकंदांच्या आसपास मृत्युपत्र उघडतं. तेही ‘रिटेन’ लावूनच ठेवायचं, आणि सेन्सरने पुन्हा जोडल्याबरोबर त्याच टॉपिकवर ‘आहे’ टाकायचं.

आता हा उपाय जिथे चुकतो ते. सेन्सरचा बोर्ड जोडलेला आहे, एमक्यूटीटी जिवंत आहे, पण अल्ट्रासॉनिकची वायर उंदराने कुरतडली. मृत्युपत्र उघडणार नाही. किंवा बॅटरीवरचा बोर्ड व्यवस्थित निरोप घेऊन झोपला आणि उठलाच नाही; निरोप घेतलेल्याचं मृत्युपत्र ब्रोकर फेकून देतो. म्हणून शेवटचा निवाडा ऐकणाऱ्याकडेच हवा: प्रत्येक संदेशात चढता क्रमांक, ऐकणारा शेवटचा नवा क्रमांक कधी आला ते मोजतो, आणि ठरलेल्या अंतराच्या तिप्पट वेळ गेला की दोरी थांबवतो. आधीचाच क्रमांक परत आला तर तो नवा धरायचा नाही. रिटेनचा सापळा तिथेच तुटतो. जोडल्या जोडल्या आलेल्या पहिल्या संदेशावरही दोरी हलवायची नाही, दुसऱ्याची वाट बघायची. आणि क्रमांक यशस्वी मोजमापालाच वाढवायचा, नुसत्या लूपला नाही.

१० फेब्रुवारी

वावर. कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर घ्यायचा. दोन उघड्या काट्यांचा जुना प्रकार घेऊ नये, विजेमुळे त्याचे काटे काही आठवड्यांत झिजतात. कपॅसिटिव्हमध्येही गंमत आहे. काही बोर्डांवर टीएलसी५५५ ऐवजी एनई५५५ चिप येते, तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, ३.३ वर ती धड चालत नाही. काहींवर १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला पोचतच नाही. मग पाण्यात बुडवल्यावर आकडा मिनिटभर रेंगाळत उतरतो. पेटीतून काढल्या काढल्या पेल्यातल्या पाण्याची परीक्षा घ्यायची, रेंगाळला तो बाजूला. कापलेल्या कडांतून पाणी शिरतं. कडांना नेलपॉलिशचे दोन हात, वरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर इपॉक्सी आणि त्यावर हीट-श्रिंक.

कोरड्यात व्होल्टेज जास्त, ओल्यात कमी. पण ‘हवेत ० टक्के, पाण्यात १०० टक्के’ हे कॅलिब्रेशन नव्हे. पद्धत: सेन्सरशेजारची माती, अंदाजे १०० ग्रॅम, घट्ट डब्यात, लगेच वजन, १०५ अंशांवर २४ तास वाळवून परत वजन. गेलेलं पाणी भागिले कोरडी माती, गुणिले १००. ओलीत केल्यावर दुसऱ्या दिवशीपासून माती भेगाळेपर्यंत असे पाच-सहा बिंदू घेऊन रेघ काढायची.

आणि आपली माती काळी. वाळली की आकसते, भेगा पडतात, सेन्सर आणि माती यांच्यात हवेची फट तयार होते. आकडा एका दिवसात धपकन कोरड्याकडे जातो. ते पाणी गेलेलं नाही, माती सेन्सर सोडून सरकलीय. बसवताना त्याच मातीचा पातळ गारा करून खाचेत ओतायचा आणि त्यात सेन्सर खोवायचा, म्हणजे संपर्क जास्त दिवस टिकतो, कायमचा नाही. म्हणून दर ठिकाणी दोन सेन्सर, १५ आणि ३० सेंटिमीटरवर. वरचा एकदम उडाला आणि खालचा जागेवर असेल तर भेग समजायची आणि वरच्याचा आकडा ‘माहीत नाही’ धरायचा. हा नियम कोडातच घातलाय.

१९ फेब्रुवारी

वाय-फाय धुऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून लोरा (कमी विजेत लांबवर छोटे संदेश नेणारा रेडिओ). भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. बाजारात स्वस्त आणि सहज मिळणारं रा-०२ मॉड्यूल ४३३ मेगाहर्ट्झचं, आत एसएक्स१२७८. त्यात कोडात ८६६ लिहिलं म्हणून ते तिथे जात नाही. एसएक्स१२७६ चं, ८६८ लिहिलेलं घ्यायचं. अँटेना पाव तरंगलांबीची, ८.६ सेंटिमीटर सरळ तांब्याची तार. अँटेना न लावता प्रसारण सुरू करायचं नाही, पॉवर ॲम्प्लिफायर जळू शकतो.

रेंज कमी पडली की पोरं स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ; वाढवला की संदेश हळू पण लांब जातो) वाढवतात. गणित आधी करून घ्यावं: १० बाइटांचा संदेश, १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग ४/५. एसएफ ७ ला हवेत ४१ मिलिसेकंद, एसएफ १२ ला ९९१. चोवीसपट बॅटरी आणि चोवीसपट टकरीची शक्यता. त्याऐवजी घेणाऱ्याची अँटेना टिनाच्या छपराखालून काढून बांबूवर छपराच्या वर नेली, तर एसएफ ७ वरच काम भागतं. संदेश जेसनमध्ये (लांबलचक मजकुराच्या साच्यात) नको. नोड (पाठवणारा बोर्ड कुठला ते), क्रमांक, बॅटरी, दोन ओलावे, तापमान सगळं १० बाइटांत बसतं. प्रत्येक पाठवणीआधी ० ते ३० सेकंदांचा यादृच्छिक उशीर, नाहीतर एकाच वेळी सुरू केलेले नोड एकमेकांवरच बोलतात.

वीज: बाजारातला ईएसपी३२ बोर्ड डीप स्लीपमध्येही ५-१० मिलिअँपिअर खातो, कारण चिप झोपली तरी रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि लाल दिवा जागेच. २,५०० एमएएचच्या १८६५० सेलवर १० मिलिअँपिअर म्हणजे २५० तास, दहा दिवस. नुसतं मॉड्यूल आणि एचटी७८३३ रेग्युलेटर वापरला, सेन्सरला वीज पिनेवरून फक्त जागेपणी दिली, दर १५ मिनिटांनी १ सेकंद ८० मिलिअँपिअर धरले, तर सरासरी ०.१२ मिलिअँपिअरच्या आसपास. कागदावर दोन वर्षं. त्यातलं अर्धं खरं मानावं.

६ मार्च

पेट्यांबद्दल एवढंच: केबल ग्लँड (वायर घट्ट धरून आत घेणारी टोपी) नेहमी खालच्या बाजूला, वायरीला आत शिरण्याआधी खाली झोल. पेटीला कुठेही उघडं भोक नको. मुंग्या घर करतात, पाली अंडी घालतात. सिलिका जेलची पुडी आत टाकायची आणि अवकाळी पाऊस पडून गेला की बदलायची.

२० मार्च

नोंदीवर वेळेचा शिक्का कोणी मारायचा? झोपेत ईएसपी३२ चं आतलं घड्याळ साधं आरसी ऑसिलेटर असतं, तापमानाबरोबर सरकतं. ‘१५ मिनिटं’ दुपारी वेगळी, पहाटे वेगळी. नोडने फक्त क्रमांक पाठवायचा, वेळ घेणाऱ्याने लावायची. घेणाऱ्याला इंटरनेट नसेल तेव्हासाठी डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल. या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचा रेझिस्टर असतो. त्यात साधा सीआर२०३२ सेल घातला तर न चार्ज होणाऱ्या सेलला चार्जिंग मिळत राहतं. डायोडजवळचा तो २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाकायचा.

३ एप्रिल

खासगीपणाचा तास. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेतला ‘ॲक्टिव्ह बॅज’ (अंगावर लावायचा बिल्ला) दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेड खूण सोडायचा. फोन आला की माणूस ज्या खोलीत असेल तिथे वळवता यायचा. सोय आणि पाळत एकाच तारेतून.

टाकीचं पाणी म्हणजे कोणाची माहिती, असं पोरं विचारतात. महिन्याची नोंद उघडून दाखवली: वसतिगृह किती वाजता उठतं, कुठल्या शनिवारी रिकामं असतं, रात्री दोन वाजता कोण आंघोळ करतं, सगळं वाचता येतं. चोराला एवढं पुरे. ठरलं ते असं: दोरीला फक्त तीन पायऱ्या पाठवायच्या, टक्के नाही, मिनिटाची नोंद दोन दिवस, त्यानंतर दिवसाची एकच बेरीज. वावराच्या नोंदीलाही हेच. शेजारच्या कास्तकाराने आपल्या धुऱ्यावर सेन्सर लावू दिला म्हणून त्याने ओलीत कधी केलं हे भिंतीवर लावायचा हक्क मिळत नाही.

१७ एप्रिल

ऊन तापलं. ध्वनीचा वेग २० अंशांना ३४३ मीटर प्रतिसेकंद, ४५ अंशांना ३५९ च्या जवळ. कोडात ३४३ कायमचा लिहिलेला असेल तर १.६ मीटर अंतर १.५३ दिसतं. म्हणजे टाकी तळाला टेकलेली असताना ७ सेंटिमीटर पाणी ‘शिल्लक’. चूक नेमकी घातक बाजूला. डीएस१८बी२० टाकीच्या आत, पाण्याच्या वर हवेत टांगायचा आणि वेग ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान असा दर वेळी काढायचा.

लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. उन्हातल्या बंद पेटीत दुपारी तेवढं सहज होतं आणि सोलर पॅनेल नेमकं तेव्हाच जोरात. टीपी४०५६ च्या नेहमीच्या चार्जिंग मॉड्यूलवर तापमानाची पिन ग्राउंडलाच जोडलेली असते, म्हणजे संरक्षण नाहीच. पेटी पॅनेलच्या सावलीत, जमिनीपासून वर, पांढऱ्या रंगाची. तेवढ्यानेही भागत नसेल तर छोटं पॅनेल पूर्वेकडे कलवायचं: सकाळी चार्ज, दुपारी विश्रांती.

२८ एप्रिल

प्रात्यक्षिक परीक्षा. ५० पैकी २० गुण चालत्या यंत्राला, ३० बंद पाडलेल्याला. परीक्षक पाचपैकी तीन गोष्टी करतो, कुठल्या ते आधी सांगत नाही: सेन्सरची सिग्नल वायर काढणं, राउटर बंद करणं, ब्रोकर बंद करून दहा मिनिटांनी सुरू करणं, टाकीऐवजी सेन्सरपुढे पुठ्ठा धरणं, दोरीचा चार्जर काढणं. वायर, राउटर, ब्रोकर किंवा चार्जर गेला तर दोरी एका मिनिटाच्या आत थांबायला हवी, आणि परत जोडल्यावर कोणी बटण न दाबता हलायला हवी.

पुठ्ठ्यावर सहापैकी चार गट अडकले. आकडा येतोय, क्रमांक वाढतोय, आणि तो साफ खोटा. उरलेल्या दोघांनी वेगाची मर्यादा घातली होती: २,००० लिटरची टाकी दोन मिनिटांत ८० टक्के चढूच शकत नाही, म्हणून असा आकडा नाकारायचा आणि क्रमांक वाढवायचा नाही. मर्यादा ठरवायला मोटरचा प्रवाह बादली आणि घड्याळ घेऊन मोजावा लागतो. त्यांनी मोजला होता.

जूनच्या तुकडीसाठी मागवायचं: एसएक्स१२७६ मॉड्यूल ६, एचटी७८३३ दहा, इपॉक्सी, सिलिका जेल. दोरीचा मणी चुलीच्या धुराने चिकट झालाय, सुतळीसकट बदलायचा. वावरातले सेन्सर खरिपाच्या वखरणीआधी काढून घ्यायचे, जागेवर खुंट्या ठोकून.